अध्याहृत मालक

आजवर कुणाला सांगितलं नाही ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी नेहमीसारखा प्रस्तावनेतच रमेन. लातुरात मोंढ्याजवळच्या आमच्या चौकात मागे एक बॅनर लागला होता. ‘मालक, आता पुरे! गादी सोडा! – समस्त चहाते.’ तो मजकूर माझा. त्यातलं एक नाव मी गाळलं होतं. त्यामुळे झालं असं की ज्याने गादी सोडावी म्हणून बॅनर लावला तो आजही गादीवर आहे, आणि ज्याच्याबद्दल आम्हाला एक वाईट शब्द लिहायचा नव्हता त्या म्हाताऱ्या माणसाने पुढच्या सोमवारी गादी सोडली.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. मला बोलायची फारशी सवय नाही. वर्गात बोलतो ते पुस्तकातलं असतं. स्टाफरूममध्ये वर्तमानपत्र तोंडापुढे धरतो. घरी बायको बोलते आणि मी मान हलवतो, आणि तिला ती मान पुरते. मी मोकळा बोलायचो ते फक्त एका विषयावर, फुटबॉलवर. तेही इंग्लंडातल्या एका क्लबबद्दल. त्याचं नाव इथेही लिहीत नाही. एकदा गाळलंच आहे, आता लिहून काय उपयोग.

आम्ही तिघं होतो. एक मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत चालवणारा. आम्ही त्याला शेठ म्हणायचो. दुसरा खासगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारा, आकडेमोडीशिवाय श्वास न घेणारा. तिसरा मी. शनिवारी संध्याकाळी मोंढा उठला, क्लास सुटले, की आम्ही अप्पांच्या हॉटेलात जमायचो. सकाळी चुरमुऱ्यांची सुशीला, दुपारी भजी आणि दिवसभर चहा, असं ते हॉटेल. गल्ल्यामागे लाकडी कट्टा होता आणि कट्ट्यावर खरीखुरी कापसाची गादी, पांढरी खोळ घातलेली. तिच्यावर अप्पा बसायचे. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, तोंड रस्त्याकडे, पाठ टीव्हीकडे. त्यांना टीव्हीचं काही घेणंदेणं नव्हतं. आमच्यासाठी ते फुटबॉलचं चॅनेल लावून द्यायचे आणि म्हणायचे, “बघा तुमचं. चेंडू आत गेला की मला सांगू नका, चहा सांडतो.”

त्या वर्षी आमचा क्लब हरायचा म्हणजे किती हरायचा. तळाला असलेला संघसुद्धा आमच्याशी खेळताना हसून हात मिळवायचा. मग मॅच संपायच्या आतच आमची चर्चा सुरू व्हायची.

“औंदा ध्येय काय म्हणं आपलं?” शेठ विचारायचा.

“पहिल्या चारात येणं,” फिजिक्सवाला सांगायचा. “चौथं आलं तरी युरोपातल्या स्पर्धेत खेळायला मिळतं.”

“चवथं? चवथ्यासाठी एवढा जीव काढायलेत? माझा पुतण्या चवथा आला होता. तुमच्या क्लासवाल्यांनी त्याचा फोटू कुठं लावला, आठवतंय का? बॅनरच्या खालच्या कोपऱ्यात. निम्मं तोंड लाईटच्या खांबामागं. पोरगं दोन दिवस जेवलं न्हाई.”

“खांब आमचा नाही, शेठ. महावितरणचा आहे.”

“आन् हा नवा गडी. हा कुणी घेतला? लांबून दाणा टपोरा दिसायलाय, हातात घेतला की ओलावाच ओलावा. असलं सोयाबीन मी दारातूनच वापस पाठवतो.”

इतकं झालं की गाडी मालकावर यायची. क्लबचा मालक नक्की कोण, हे आम्हा तिघांपैकी एकालाही धड माहीत नव्हतं. फिजिक्सवाला समजावून सांगायचा की एक कंपनी आहे, तिच्यात दुसऱ्या कंपनीचे शेअर आहेत, आणि त्या दुसरीच्या मागे कुठलातरी फंड आहे.

“म्हंजे मालकच न्हाई?”

“आहे की. पण तो मॅचला येत नाही.”

“सौद्याला न येणारा मालक?” शेठ कपाळावर हात मारायचा. “मग हमालच राज्य करणार की ओ!”

इथे मी तोंड उघडायचो. शेवटच्या बाकावरच्या पोरापर्यंत आवाज पोचवायची सवय असल्यामुळे माझं एकच वाक्य हॉटेलभर जायचं. “या मालकाला काढल्याशिवाय गत्यंतर नाही!”

शेठ कधीकधी गल्ल्याकडे बोट करून कानाशी येऊन म्हणायचा, “मालक कसा असावा, तिकडं बघा. मान न वळवता अप्पाला कळतंय उकळी कधी आली ते. ‘आलं टाक’ म्हणतेत की बस्स. आपल्या क्लबाला असा पायजे.” हे मात्र तो हळू आवाजात म्हणायचा. माणसाची स्तुती त्याच्यासमोर मोठ्याने करायची आमच्याकडे पद्धत नाही. शिव्या तेवढ्या मोठ्याने.

तेवढ्यात नांदेडहून माझ्या मेहुण्याने फोनवर एक फोटो पाठवला. मेहुण्याचं नांदेडला बॅनर छापायचं दुकान आहे, आणि तो आमच्या क्लबच्या कट्टर वैऱ्यांचा चाहता. त्यांचा संघ जिंकला म्हणून त्याने नांदेडात भर चौकात बॅनर लावला होता. मध्ये चेंडू, आणि चेंडूभोवती मेहुणा आणि त्याचे मित्र, सगळे गॉगल लावून. खाली लिहिलेलं, ‘समस्त नांदेडकरांतर्फे हार्दिक अभिनंदन.’

शेठने तो फोटो मोठा करून बघितला आणि चहा बाजूला सारला. “आयुक्त कार्यालय नांदेडला का लातूरला, हे जुनं भांडण सरकार बघून घेईल. पण बॅनरमध्ये लातूर मागं राहायचं न्हाई.”

फिजिक्सवाल्याने सांगितलं की परदेशात चाहते मालकाच्या विरोधात मैदानात फलक लावतात. मैदान आमच्यापाशी नव्हतं. चौक होता. ठरलं की मालकाच्या विरोधात बॅनर लावायचा, त्याचा फोटो काढायचा आणि इंटरनेटवर टाकायचा. मग त्या कंपनीच्या त्या कंपनीच्या फंडाला कळेल की लातूर नाराज आहे. मजकूर मराठीत असावा यावर तिघांचं एकमत झालं. मालकाने तो वाचावा कसा, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

मराठीचा मास्तर मीच, म्हणून मजकूर माझ्याकडे आला. छपाईही मी मागून घेतली, कारण लातुरात छापणारा पहिल्यांदा विचारणार, “फोटू कुणाकुणाचे?” आणि मला माझाच द्यावा लागला असता. नांदेडला मेहुण्याकडे रविवारी जायचंच होतं.

मूळ मजकुरात क्लबचं नाव सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात होतं. हे मी शपथेवर सांगतो. मेहुण्याने कागद बघितला आणि कागद तसाच परत माझ्याकडे सरकवला.

“मजकूर झकास हाय, दाजी. पण ह्या क्लबाचं नाव माझ्या मशीनवर निघायचं न्हाई.”

“अरे, धंदा आहे तुझा.”

“धंदा हाय म्हणून तर. पुढच्या आठवड्यात आमची मॅच हाय तुमच्याशी. मशीन बाटंल. ते नाव कामून पायजे पण? मालक म्हटलं की समद्यांना कळतंय.”

मी भांडायला हवं होतं. पण आताच त्याच्या घरी पोटभर जेवून आलो होतो, बायको तिकडे घरी भावजयीशी बोलत बसली होती, आणि भांडणं मला कधी जमलेलंच नाही. माणसाला न भांडण्यासाठी काहीतरी कारण लागतं. मला ते व्याकरणात सापडलं. मी मेहुण्याला समजावून सांगितलं की वाक्यात जे उघड असतं ते लिहावं लागत नाही, त्याला अध्याहृत म्हणतात. ‘या, बसा’ म्हणताना आपण ‘तुम्ही’ म्हणत नाही. तसंच इथे क्लब अध्याहृत आहे.

“ते बघा, आलंच की,” मेहुणा म्हणाला. त्याला एकही शब्द कळला नव्हता, पण नाव गेलं एवढं कळलं होतं.

मग त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “ह्ये चहाते का चाहते, दाजी?”

यावर मी आणखी एक व्याख्यान दिलं. चहा म्हणजे आवड, कदर. गुणांची चहा असणं असा जुना मराठी प्रयोग आहे. म्हणून चहाते.

“बघा बरं. चहावाले वाटतेत.”

“अडाण्यांना वाटतील,” मी म्हणालो. हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

बॅनर लागला अप्पांच्या हॉटेलच्या बरोबर समोर, कारण तिथले दोन खांब रिकामे होते. शेठने खाली उभं राहून वाचला, पुन्हा वाचला. “सर, क्लबाचं नाव कुठाय?”

“मेहुणा विसरला,” मी म्हणालो. मेहुण्याच्या नावावर ते आजही तसंच आहे.

फोटो इंटरनेटवर गेला. फंडाकडून काही कळलं नाही. चौकात मात्र कळायला लागलं. शेठचा मुनीम दिवसभर त्याच्याशी अदबीने वागू लागला आणि दर तासाला “शेठ, काही नाराजी न्हाई ना?” विचारू लागला, कारण बॅनर हमाल-मुनिमांनी आडतवाल्या मालकांविरुद्ध लावला अशी मोंढ्यात बातमी होती. फिजिक्सवाल्याच्या क्लासच्या संचालकांनी त्या दिवशी सगळ्या मास्तरांना न मागता समोसे खाऊ घातले. आमच्याकडे बायका नवऱ्यालाही मालक म्हणतात. माझी बायको स्कूटीवरून जाताना बॅनर वाचून आली आणि हसत म्हणाली, “कोण्या बाईनं लावला असंल हो? भेटली तर पाया पडंन तिच्या.” मी मान हलवली.

अप्पांनी तो वाचल्याचं मला कळलं शनिवारी. मॅच सुरू झाली होती. शेठ आणि फिजिक्सवाला आत टीव्हीसमोर होते. मी उशिरा आलो तर अप्पांनी गल्ल्यावरूनच हात केला.

“सर, जरा इकडं या. तुम्हाला अक्षर कळतंय.” ते बॅनरकडे बघत होते. “चहाते म्हंजे काय ओ?”

खरं सांगायची ती वेळ होती. वाक्य छोटं होतं, तोंडात आलंही होतं. आणि मी काय केलं, तर व्युत्पत्ती सांगितली.

“जुना शब्द आहे, अप्पा. चहा म्हणजे आवड. ज्यांना आवड असते ते.”

“कशाची आवड? चहाचीच न्हवं?”

“म्हणजे... तसं नाही...”

“मग पिणारेच की.” त्यांनी मान डोलावली, जणू मी त्यांच्या मनातलंच बोललो. “मला वाटलंच होतं. थंडीपासून ऐकायलो मी. तुम्ही लोक आत बसून मालक मालक करायलाव. मालकाला कळत न्हाई, मालक निकामी हाय. मी म्हटलं, गिऱ्हाईक हाय, बोलणारच. पर ह्ये समद्यांनी मिळून लावलंय. समस्त म्हंजे समदेच ना, सर?”

“हो, पण...”

“कुणी लावलाय, ठाव हाय का तुम्हाला?”

“नाही, अप्पा.”

अगदी त्याच क्षणी आत आमच्या गोलात चेंडू गेला असावा, कारण शेठ टेबलावर थाप मारून ओरडला, “अरे हाकला रे त्या मालकाला! अजून कुणाची वाट बघायलाव?”

अप्पांनी माझ्याकडे बघून हात पसरले. आता आणखी काय पुरावा पाहिजे, अशा अर्थाने. रागाचं नावही नव्हतं चेहऱ्यावर. “लोकांचं मन भरलं की उठावं माणसानं. पोरगं कधीपासून मागं लागलंय, अप्पा, आता घरी बसा म्हणून. मीच चिकटून बसलो.” मग आत भट्टीकडे तोंड करून म्हणाले, “आलं टाक.” आणि मला म्हणाले, “जा, तुमची मॅच चाललीय.”

मी गेलो. मॅच बघितली. हरलो.

सोमवारी अप्पा सकाळीच सिद्धेश्वराला जाऊन आले, चाव्या पोराच्या हातात दिल्या आणि गादी गुंडाळून घेतली. मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात होतो. मला झेरॉक्स काढायची नव्हती. पोराने मोटरसायकल चालू केली आणि अप्पा मागे बसले, दोन्ही हातांनी गादी कवटाळून, हनुवटी गादीवर टेकवून. वळणावर गादी एका बाजूला कलली तशी त्यांनी ती सावरली. झेरॉक्सवाला म्हणाला, “अप्पाचे गुडघे गेले वाटतं.” चौकातल्या सगळ्यांनी तेच धरलं. शेठने आणि फिजिक्सवाल्यानेही. त्या शनिवारी ते माझ्याशी काय बोलले हे अप्पांनी दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.

हॉटेलाचं आता कॅफे झालंय. उंच स्टुलं आली, टीव्ही भिंतीएवढा झाला, चहा तंदूरमध्ये तापवलेल्या मडक्यातून कपात येतो आणि त्याला मातीची आणि साखरेची चव असते. गल्ल्यावर फिरती खुर्ची आहे. उकळी आली की घड्याळ वाजतं. पोरगा वाईट नाही, त्याला कुणी काही म्हणत नाही. चहा प्यायल्यावर शेठ कप उलटा करून ठेवतो, एवढंच.

आणि अप्पा शनिवारी येतात. पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, माझं बिंग फुटणार. पण ते सरळ आमच्या टेबलाशी बसले. पाठ टीव्हीकडे करून बसायची सवय, म्हणून शेठने स्टूल फिरवून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा अप्पांनी टीव्हीकडे तोंड करून मॅच बघितली. एका महिन्यात त्यांनी फिजिक्सवाल्याकडून ऑफसाइड समजून घेतला, जो मला अजूनही फक्त होऊन गेल्यावर कळतो. आता ते क्लबाला ‘आपला’ म्हणतात. आल्या आल्या विचारतात, “आपला मालक बदलला का?”

“कुठं, अप्पा!” शेठ म्हणतो. “फेविकॉल लावून बसलाय.”

“असू द्या. त्याचं पोरगं सांगंल कधीतरी.”

इतके दिवस मी याच्याच आधारावर राहिलो. अप्पा मजेत आहेत. गुडघ्यांना आराम आहे, शनिवार आहे, आम्ही आहोत. मग जुनं कशाला उकरायचं. मालक म्हणजे क्लबचा मालक, हे आमच्यात इतके दिवस बसून त्यांना उमगलं असेल, आणि ते मोठ्या मनाने गप्प असतील, असंही मी स्वतःला सांगायचो. उमगलेलं नव्हतं. गेल्या पंधरवड्यात ते कळलं.

मॅच बरोबरीत सुटली होती. आमच्यासाठी तो सणच. शेठ मालकाच्या नावाने नेहमीसारखा ओरडला आणि म्हणाला, “आपण पुन्यांदा एक बॅनर लावू. ह्या वक्ताला नाव टाकून.” मी कप तोंडाला लावला तो खाली घेतलाच नाही. पण अप्पांचं लक्ष ‘नाव टाकून’कडे नव्हतंच. त्यांना फक्त बॅनर ऐकू आलं.

“बॅनर नका लावू,” ते म्हणाले. “त्या बिचाऱ्याला काय कळणार त्याच्यातनं? माझाच बघा. म्या तो खाली उतरवून घेतला, शेतात कडब्यावर टाकलाय, पावसाला लई कामाचा. रोज दिसतो. मालक पुरे, गादी सोडा. बरं, सोडली. पर चुकलं काय ते कुणी लिहिलं न्हाई. आलं कमी पडत होतं? का दूध पातळ? समोर येऊन सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सुधारलं असतं.” मग ते म्हणाले, “घरी आता चहा सूनबाई करती. मी हात लावत न्हाई. लोकांनी नापास केलेला हात.”

शेठने माझ्याकडे बघितलं. मग बॅनर लागला होता त्या खांबांकडे बघितलं. हिशेब पक्का असलेला माणूस आहे तो.

अप्पांना रिक्षापर्यंत सोडायला मी गेलो. वाटेत वाक्य जुळवत होतो. ‘अप्पा, तो बॅनर चुकीचा छापला गेला होता.’ ‘अप्पा, एक नाव राहून गेलं होतं.’ गेला होता, राहून गेलं होतं. पंचवीस वर्षं पोरांना कर्तरी प्रयोग शिकवला आणि स्वतःच्या तोंडून मात्र एक कर्ता निघेना. अप्पा रिक्षात बसले, धोतर सावरलं आणि म्हणाले, “येतो, सर. शनिवारी जिंकू.” मी मान हलवली.

मी अप्पांना एक वाक्य देणं लागतो. अप्पा, तो बॅनर मी लिहिला, तो तुमच्याबद्दल नव्हता, आणि तुमच्या चहात कधीच काही कमी नव्हतं. अजून दिलेलं नाही.